दोन इब्राहिम, दाढी एकच

मी दाढी बोलतेय. खोटी आहे, पण बऱ्याच खऱ्या दाढ्या खोटं बोलताना मी पाहिल्या आहेत, तेव्हा माझं ऐकून घ्यायला हरकत नसावी.

डिचोलीच्या बाजारात बाबाजीचं ड्रेपरीचं दुकान आहे. जत्रेच्या नाटकांना मुकुट, तलवारी, शेले भाड्याने देतो तो. त्याची बायको सत्यवती हिने घोड्याच्या शेपटीचे केस जाळीच्या कापडावर एकेक करून ओवले आणि मला जन्म दिला. साऱ्या तालुक्यातली सगळ्यात मर्दानी वस्तू एका बाईने चुलीवरच्या भाताकडे लक्ष ठेवत बनवली. याबद्दल तिला आजवर कोणी शाल-नारळ दिलेला नाही.

मी लांब होते, छातीपर्यंत. काळीभोर. माझ्या डब्यावर बाबाजीने एकच शब्द लिहिला होता, ‘पातशहा’. कोणता, ते लिहिलं नव्हतं. कोणाला पडलंय? पेडण्यापासून आमोण्यापर्यंत मी किती इब्राहिम, किती अली, किती महमूद झाले याचा मलाच पत्ता नाही. विजापूरच्या गादीवर इब्राहिम दोन, अलीही दोन, आणि बिदर, गुलबर्गा, अहमदनगर धरलं तर विचारूच नका. पण आमच्या रंगमंचावर सगळे एकच. डोळे वटारायचे, मला कुरवाळायचं आणि ओरडायचं, “कोण आहे रे तिकडे?” तिकडे कोणी नसायचंच. पहारेकरी झालेला बिडी ओढायला गेलेला असायचा.

गोवा घटक राज्य झालं, त्यानंतरच्या जत्रेला मी आमोण्याला गेले. नाटक होतं ‘बारदेसचा सौदा’, विजापूरच्या इब्राहिमने गोव्यातला बारदेस प्रांत पोर्तुगीजांना दिला त्याचं. लिहिणारे आणि बसवणारे गोकुळदासकाका, निवृत्त मास्तर. पातशहा होता महादेव, खनिजाचा ट्रक चालवणारा. धिप्पाड देह आणि आवाज असा की मांडवीच्या पलीकडे ऐकू जावा. म्हणून दरवर्षी त्याला ओरडायचीच कामं. तो खरा गाणारा आहे हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. भजनात त्याला पुढे बसवायचे आणि नाटकात त्याच्याकडून आरडाओरडा करून घ्यायचे.

या वेळी मात्र नाटकात गाणं होतं. काकांनी कुठेतरी वाचलं होतं की इब्राहिम आदिलशहा संगीतवेडा होता. झालं, काकांनी प्रवेश लिहिला, तिकडे बारदेस पोर्तुगीजांच्या घशात जातंय आणि इकडे पातशहा तंबोरा लावून बसलाय. महादेवने ते गाणं ट्रकमध्ये, घाटात, न्हाणीत असं घोटलं की त्याची म्हातारी आईसुद्धा ते गुणगुणू लागली. यंदा पहिल्या रांगेत बसणार, असं तिने साऱ्या वाड्याला सांगून ठेवलं होतं.

आणि तालमीत काकांनी गाणं उडवलं.

“काका, कित्याक?” महादेवचा आवाज एकदम बारीक झाला.

“अरे, तू बरो गातलो, लोक ताळयो मारतले. बारदेस दिवपी माणसाक ताळयो? लज ना आमकां?”

प्रॉम्प्टिंगला तनया होती. काकांची पुतणी. म्हापशाला कॉलेजात इतिहास शिकलेली, आणि घरच्यांच्या मते जरा जास्तच शिकलेली. तिने वही मिटली.

“काका, बारदेस दिलं तो पहिला इब्राहिम. गाणारा दुसरा, त्याचा नातू. पहिला मेला तेव्हा हा जन्मलाही नव्हता. तुम्ही आज्याच्या हातात नातवाचा तंबोरा दिलाय.”

“गो बाये, इब्राहिम तो इब्राहिम! नाटकाक किती जाय?”

बाकीच्या ज्येष्ठांनी माना डोलावल्या. हेच लोक कोकणी आणि मराठी एक की दोन यावर इतकं भांडले होते की एकमेकांच्या घरी गणपतीला जायचे बंद झाले होते. इब्राहिम मात्र एकच, यावर त्यांचं चहा यायच्या आत एकमत झालं.

तनया उभी राहिली. “तुमचं नाव कोणाचं, काका?”

“आज्याचें. आमच्यांत तशीच रीत.”

“म्हणजे रेजदोरासमोर खोटी साक्ष देऊन गावकऱ्यांचं पोफळीचं कुळागर घालवलं, ते गोकुळदास तुम्हीच?”

रेजदोर म्हणजे पोर्तुगीजांनी नेमलेला गावचा अधिकारी. पोर्तुगीज अंमलातली ती गोष्ट गाव विसरलेलं नव्हतं. काका लहानपणी शाळेत जात तेव्हा पोरं त्यांना ‘साक्षीदार’ म्हणून चिडवत, हे मला नंतर विंगेत कोणीतरी कुजबुजताना कळलं.

काकांनी वहीतल्या गाण्यावरची काट खोडली आणि ते म्हणाले, “दवर तुजें गाणें. पूण हो नातू हें लोकांक कशें कळटलें? नांव तेंच, तोंड तेंच, दाडी तीच. हो गावपाक लागलो की लोक बोंब मारतले. महादेवाचीच फजिती.”

म्हातारे कधीकधी बरोबर असतात. तेच तर वैताग आणतं.

नाटकाच्या दिवशी पहिल्या अंकात आम्ही बारदेस दिलं. लोकांनी अशी हुर्यो केली की समया विझतात की काय असं वाटलं. महादेव विंगेत आला तो घामाने निथळत. “तनया बाये, म्हाका भंय दिसता. आवय मुखार बसल्या.”

“बस खाली,” ती म्हणाली, आणि तिने कात्री काढली.

मला कोणी विचारलं नाही. दाढीला कोण विचारतं? खसकन आवाज झाला आणि माझं अर्धं आयुष्य चटईवर पडलं. तिने मला हनुवटीलगत नीट, गोल कातरलं. “चित्रांत दुसऱ्या इब्राहिमची दाढी अशीच आहे,” ती पुटपुटली. बाबाजीला काय सांगायचं याचा विचार तिने केला नसावा. मी केला.

पडदा उघडला. तंबोरा, लोड, आखूड दाढी. मागून कोणीतरी ओरडला, “आयलो रे, बारदेस विकपी!” पुन्हा हुर्यो सुरू झाली. महादेवचा जबडा माझ्याखाली दगडासारखा घट्ट झाला. सूर फुटेना.

तेवढ्यात काका रंगमंचावर आले. धोतरात, चष्म्यात, विजापूरच्या दरबारात.

“ओगी रावात!” ते मास्तरी आवाजात म्हणाले. “हो तो न्हय. हो ताचो नातू. नांव आज्याचें हां, पापां आज्याचीं न्हय.” त्यांचा आवाज शेवटी जरा फाटला. ते वळून आत गेले आणि कोणी हसलं नाही.

मग महादेव गायला.

इतकी वर्षं या माणसाच्या हनुवटीवर मी फक्त ओरडण्याचे हादरे सोसले होते. गाताना गळा असा हलतो, आतून, घुमट वाजवताना त्याचं चामडं थरथरतं तसा, हे मला ठाऊकच नव्हतं. टाळ्या पडल्या तेव्हा त्याची आई टाळ्या वाजवत नव्हती. ती नुसती ओठ हलवत त्याच्याबरोबर गात होती.

बाबाजीने मला पाहिलं आणि तनयाला अर्धा तास शिव्या दिल्या. सत्यवती म्हणाली, “आता बरी दिसते.” तेव्हापासून मी सावकार झाले, फकीर झाले, एकदा तर प्राध्यापकही. डबा बदलला, केस विरळ झाले, कानाची तार गंजली. आज पेडण्याहून तुम्ही मला न्यायला आलात, बाबाजी मला उन्हात झटकतोय.

तुमच्या नाटकात मी कोण होणार आहे, मला माहीत नाही. ओरडायला लावा, रडायला लावा, दुसऱ्या अंकात मारून टाका, माझी तक्रार नाही. पण जमलं तर एखादं गाणं ठेवा हो. आता सवय झालीय.