नवे नियम शिकलेला एडिटर

मित्रांनो, मी एक जुना कोड एडिटर आहे. सदाशिव पेठेतल्या एका संगणक क्लासमध्ये माझा मुक्काम आहे. वेबसाइट बनवणारी मुले माझ्यात लिहितात आणि चूक दिसली की मी तिच्याखाली लाल रेघ ओढतो. "चूक पकडावी तर यानेच," अशी शाबासकी मी पुष्कळ मिळवली. पुढे नवे, देखणे एडिटर आले आणि माझ्याकडे फारसे कोणी फिरकेना.

सुमय्या मात्र मलाच उघडायची. तिची खाला, म्हणजे मावशी, अख्तरबानू, मुलींना शिवणकाम शिकवते. नजर अधू झाल्याने खालाला मापांचे तक्ते वाचता येईनात, म्हणून ती वर्गच बंद करायला निघाली होती. फोनवर ठळक, मोठ्या अक्षरांत मापे दिसतील असे पान सुमय्याने तिच्यासाठी करायला घेतले.

अक्षरे केवढी, चौकट कुठे, हे पानाला सांगणाऱ्या नियमांना स्टाइलशीट म्हणतात. त्यात सुमय्याने एक नवा नियम लिहिला: जागा पाहून चौकटीने आपली मांडणी आपणच बदलावी. मी तो कधी पाहिलाच नव्हता. मी रेघ ओढली. बिचारीला वाटले, आपलेच चुकले. तिने नियम पुसला, तर फोनवर आकडे एकमेकांवर चढले. पुन्हा लिहिला, पुन्हा रेघ!

"याला आता पेन्शन द्या," शेजारच्या संगणकावर बसलेला तेजस म्हणाला. "काढून टाक आणि नवा घे."

झाले, आता माझी गच्छंती होणार!

तेवढ्यात क्लासमध्ये शिकवणाऱ्या कल्याणी मॅडम आल्या. पडद्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, नियम बरोबर आहे तुझा. याला तो कुणी शिकवलाच नाही, तर हा ओळखणार कसा? सेटिंग उघडून पाहिलंस?"

सुमय्याने मला आधी अपडेट केले, मग सेटिंग उघडले. तिथे 'स्टाइलशीटची नवी मानके' हा पर्याय बंद होता. तो तिने चालू केला. लाल रेघ विरून गेली! पुढच्या ओळीत तिने अर्धाच शब्द लिहिला आणि उरलेला मी सुचवला.

"अरे, याला येतंय की!" ती हसली. मला केवढे बरे वाटले!

संध्याकाळी खाला क्लासवर आली. तिने फोन हातात घेतला आणि सावकाश वाचू लागली, "छाती चौतीस... कंबर अठ्ठावीस... बाही..." वाचता वाचता ती थांबली. पदराने डोळे पुसून म्हणाली, "बेटा, मुलींना सांग, सोमवारपासून या."

मित्रांनो, सुमय्याचे आणि मॅडमचे उपकार मी विसरणार नाही. एखाद्याला नवे येत नाही, म्हणून लगेच त्याला मोडीत काढू नका. आधी एवढेच पाहा, की त्याला ते कुणी शिकवले आहे का?