तुटणारी केबल

आमच्या क्रेनची केबल तुटली की मला बरं वाटायचं. हसू नका. डोंबिवली एमआयडीसीतल्या कारखान्यात मी क्रेन चालवतो. माझी बायको हौसा गेली, आणि तेव्हापासून माझ्याशी धड बोलणारा माणूस एकच, रघु वायरमन. कल्याणजवळच्या गावातला आगरी गडी. आमच्या पगारावर नाही तो, केबल तुटली तरच त्याला फोन जायचा.

आणि तुटायची तर सारखी! शेठने लावलेली केबल कसली, तर घरात भिंतीत घालतात तसली जाड तारेची. क्रेन दिवसभर पुढं-मागं धावणार, तिच्याबरोबर केबलचे झोळ पसरणार नि मिटणार. वरून ठणठणीत, आत तार मोडलेली. मग रघु शिडीवर चढायचा, मी शिडी धरायचो. काम झालं की तो डबा उघडायचा. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी. "खा रं मारुती, तुज्या मेसची चपाती चपलंला ठोक," असं चिडवायचा. घरी मला कोण चिडवणार? भिंती?

परवा मात्र काम चालू असतानाच केबल तुटली, आणि लोखंडी साचा खाली उभ्या असलेल्या हेल्पर काळुरामच्या डोक्यावर अधांतरी अडकला. मी बटण दाबतोय, साचा ना वर ना खाली. काळुराम कसाबसा बाजूला झाला. नव्या इंजिनीयर जागृती मॅडम धावत आल्या.

"काका, हलत्या मशीनला बारीक तारांची, लवचिक केबल लागते. मी सांगून थकले. शेठ म्हणतात, क्रेनवाल्याची तक्रार नाही, मग तुम्हाला काय त्रास? तुम्ही बोला ना."

अस्सा राग आला मला! हिचं काय जातंय? चांगली केबल म्हणजे तुटायची बातच नाही, आणि तुटली नाही तर रघु कशाला येतोय? पण समोर काळुराम नळावर पाणी पिता पिता वर अडकलेल्या साच्याकडे बघत होता. मी सरळ केबिनमध्ये गेलो. "शेठ, केबल बदला. तोवर मी क्रेनला हात लावणार नाही."

नवी केबल बसवायला रघुच आला. "ही आवलून बांधायची नाय," तो शिडीवरून म्हणाला. "पीळ नाय पडला पायजे. झोल मोकला ठेवायचा. आता बघ, तुजी माजी सुट्टी!" तो हसला. मला काही हसू आलं नाही.

जेवताना मी म्हटलं, "असाच येत जा की कधी."

"कामाबिगर गेटवर कोन सोरील मना?"

खरंच होतं, कामाशिवाय बाहेरच्याला वॉचमन आत सोडत नाही. तो गेला. क्रेन अशी मऊ धावायला लागली, एक झटका नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र रडू येत होतं.

सुट्टी झाल्यावर कपाटाशी गेलो तर आत माझ्या पिशवीवर रघुचा डबा. धुतला, पुसला आणि हातात धरून बसलो. हौसा कधी कुणाचा डबा रिकामा परत धाडायची नाही. शेवटी फोन लावला.

"रघु, डबा विसरलास रे."

"इसरलो नाय," तो म्हणाला. "रविवारी घरी घेऊन ये. आन् रिकामा आनू नको."