फर्स्टक्लास पाणी

आप्पांचं नाक रंगकामाच्या कारखान्यानं कधीच खाल्लं होतं. उकळत्या पिंपांवर वाकून हयात गेली. आधी वास गेला, पाठोपाठ चव. आता घर कारखान्याच्या भिंतीला लागून आणि घरामागच्या विहिरीत झिरपणारं त्याच कारखान्याचं उग्र वासाचं विष. लांबच्या नळावरून पाणी आणणं गुडघ्यांना झेपेना आणि घर सोडायचं नाव काढलं की म्हातारा अंगावर धावून येई.

शेवटी त्यांच्या केमिस्ट लेकीनं कंबर कसली. मुळ्यात एक एंझाइम असतं. पाण्यात पेरॉक्साइडचे थेंब टाकले की ते या विषाचा गाळ करून टाकतं. पण नुसत्या रसात ते फार दिवस तग धरत नाही. म्हणून भाजलेल्या मातीच्या गोळ्यांवर ते बसवायचं. मातीला चिकटलं की टिकतं. फक्त गोळ्या पुन्हा पुन्हा धुवायच्या, धुण्याचं पाणी चाचणीत रंगेनासं होईपर्यंत. जे घट्ट बसलेलं नाही ते आधीच जाऊ द्यायचं.

पोतंभर मुळे सोलून तिच्या बोटांची सालटी निघाली होती. पहिल्याच धुण्याचं पाणी चाचणीत लालभडक झालं, म्हणजे एंझाइम वाहून चाललेलं. एवढी मेहनत मोरीत ओतायची? तिनं धुणं तिथंच थांबवलं. आप्पांकडे त्या गोळ्यांचा फिल्टर बसवला, त्याच दिवशी पाणी तपासलं. एकदम स्वच्छ! बाईसाहेब हवेत तरंगतच परतल्या.

मग कामाचा रगाडा. फोनवर तेवढं विचारायची, "पाणी कसं आहे, आप्पा?"

"फर्स्टक्लास!"

नाक गेलेल्या माणसाला आपण पाण्याबद्दल विचारतोय, हे एवढ्या शिकलेल्या बाईच्या डोक्यात आलं नाही.

आप्पांना लघवी काळपट होते हे कळलं तेव्हा ती तडक निघाली; ती त्या विषाचीच खूण होती. दारातच दवाखान्याच्या फरशीसारखा उग्र वास तिच्या नाकात घुसला. आत आप्पा एक डोळा मिटून फिल्टरच्या वरच्या भांड्यात थेंब टाकत होते.

"बस. डॉक्टर म्हणाले, पाणी कमी पडतंय, भरपूर प्या. आता दुप्पट पितो. थेंब एकदाही चुकवले नाहीत हं!" त्यांनी भरलेला ग्लास उचलला.

तिनं तो हिसकावला. "पिऊ नका! माझं चुकलं, आप्पा. मी गोळ्या नीट धुतल्याच नाहीत. मातीनं काही धरलं नव्हतं; पहिल्या दिवशी सुट्या एंझाइमनंच पाणी साफ केलं, ते सगळं केव्हाच वाहून गेलं. हे विहिरीचंच पाणी आहे."

तिला रडू आवरेना. आप्पांनी ग्लास तिच्या हातातून घेतला, नाकाशी नेला, छाती भरून हुंगला.

"वास येतो याला?"

"येतो."

"इथून?"

"दारातून, आप्पा."

त्यांनी ग्लास हळूच खाली ठेवला.

"शेजारीण रोज सांगत होती," ते म्हणाले. "मी तिला म्हटलं, माझ्या लेकीला नावं ठेवतेस? तिच्याशी बोलणंच टाकलं मी."