फुगलेली कवळी

बाबूलाल सुतारानं ओसरीत बसून आपली कवळी कानशीनं घासायला घेतली, तशी अनुसया चुलीपुढून कडाडली, "अवो, थे दात हायेत का दाराची फळी?"

"फुगली थे. अठरा वर्सं रोज रातभर पाण्यात ठेवतो. पावसात दार फुगते का नाही? रंधा मारला की बसते."

"मंग बसली का?"

कुठली बसते! तीनदा घासली, तीनदा जास्तच हलली. रामनवमीचं कीर्तन तोंडावर आलेलं, आणि परवाच्या तालमीत 'दशरथ' म्हणताना वरचे दात खाली उतरले. पोरं खिदळली. ज्याच्या नामघोषावर सारं गाव डोलायचं, त्याला आता देवाच्या बापाचं नाव घेता येईना.

धुसफुसतच त्यानं अनुसयेला घेऊन लांजीचा दवाखाना गाठला. दातांच्या डॉक्टर पौर्णिमाबाईंनी हिरड्या बोटानं चाचपल्या.

"काकाजी, कवळी नाही फुगली. तुमचा जबडा आटला. दात गेले की त्या हाडाले काम राहत नाही, थे दरसाल झिजत जाते."

"मंग आजच घट्ट करून द्या ना!"

"आतून नवा थर देता आला असता, पण घासून तुमी मापच बिघडवलं. नवी करावी लागन. हाड पुरलं तर खाली हाडात दोन स्क्रू बसवून त्यावर बी अडकवता येते, फोटो काढून पाहू. पण हिरडी सोलली हाय. आधी आठ दिवस कवळी तोंडात घालाची नाही."

"आठ दिवस? चौथ्या दिवशी नवमी हाय, बाई!"

"सुजल्या हिरडीचं माप घेतलं तर नवी बी हलन."

परतीच्या बसमध्ये तो कवळी रुमालात गुंडाळून खिडकीशी बसला. बाहेर धानाच्या बांध्यांतली जमीन उन्हानं तडकली होती.

नवमीला बाबूलाल बोळक्या तोंडानं उभा राहिला. पहिल्याच अभंगाची नुसती फुसफुस झाली.

"मेस्तरी, कोनत्या भाषेत बोलून राह्यले?" मागून दुलीचंद ओरडला. हशा पिकला. बाबूलालनं गळ्यातली वीणा उतरवायला हात घातला.

तोच बायकांतून अनुसया उठली. "हासता काहून? मले समजते त्याईचं. मी सांगतो, चूप बसा!"

मग तो पुटपुटे आणि ती खणखणीत आवाजात सांगे. हसणारे हळूहळू टाळ्यांचा ठेका धरू लागले.

सूर्य माथ्यावर आला. जन्माची वेळ झाली. बाबूलालनं दोन्ही हात वर करून काहीतरी आरोळी ठोकली. कोणालाच ती कळली नाही. सगळे अनुसयेकडे वळले, तर तीच पदरानं डोळे पुसत होती, ओठ नुसते हलत होते.

शेवटी गावानंच रामाचं नाव घेतलं.