देवीच्या शालूत भरलेली ओटी

आमच्या चौलच्या देवीचा शालू अस्सल रेशमाचा, गावात माग चालत होते तेव्हाचा. नवरात्रात तो नेसवायचा मान आमच्या घराचा. लग्न होऊन आले तेव्हापास्नं मीच नेसवायची. पाऊस सरला की सावलीत पसरायचा, घडी बदलायची, कडुलिंबाचा वाळला पाला घालून पेटीत ठेवायचा. एवढंच काम.

मिठाच्या सत्याग्रहाच्या साली माझा नवरा गेला आणि दिरानं, धर्माजीनं, तेराव्यालाच पेटीची चावी मागून घेतली. विधवेचा हात देवीच्या वस्त्राला चालत न्हाय म्हणे. माझे हात काय नवऱ्याबरोबर जळले?

पेटी गेली जावेकडं. नीराबाई भोळी, शालू पसरायचीच तिला भीती. पुढच्या साली गणपती गेल्यावर मी सांगितलं, "भावजी, ऊन पडलंय, शालू बाहेर काढा."

"वहिनी, तुम्ही आता देवाचं बघू नका. जपमाळ ओढा."

मेल्याची जीभ झडो!

घटस्थापनेला गावासमोर पेटी उघडली आणि असा भपकारा आला की बायकांनी नाकाला पदर लावले. घडीत कुजके तांदूळ, सडके नारळ, हळदकुंकवाचा चिखल. रेशमावर हिरवीकाळी बुरशी, आणि बुरशीनं सोडलं ते कसरीनं खाल्लेलं. किडे तुरुतुरु पळत होते. शालूची पार चाळण झालेली. पदर तेवढा वरच्या घडीत होता, म्हणून वाचला.

"हिचाच हात लागला असणार! पांढऱ्या पायाची!" धर्माजी माझ्याकडं बोट करून ओरडला. चोराच्या उलट्या बोंबा!

"चावी तुझ्या कमरेला आणि हात माझा व्हय रे?"

तेवढ्यात नीराबाई रडायला लागली. दर पुनवेला धर्माजीकडनं चावी घेऊन तीच शालूच्या घडीत ओटी भरत होती. देवी सवाशीण, तिची ओटी रिकामी राहू नये म्हणून. आणि देवीला दिलेली ओटी परत कशी घ्यायची, म्हणून आधीची काढलीच न्हाय. तिला मी काय बोलू? तिनं भक्तीनं केलं.

धर्माजीचा आवाज लगेच लोण्यासारखा. "जाऊ द्या, चुकून झालं. शालू खाडीत सोडू, नवा आणू."

वा रे न्याय! माझं असतं तर पाप, तिची ती चूक. आणि शालू खाडीत? माझं डोकंच फिरलं. मी शालू उचलला, चर्रकन पदर फाडून घेतला आणि सरळ गाभाऱ्यात शिरले.

"अडवा तिला!"

अडवतो कोण? धर्माजी सोवळ्यात, गुरव सोवळ्यात. मला शिवले तर दोघांना पुन्हा आंघोळ, आणि घटाची वेळ टळणार. दोघं हात आखडून उभे राहिले. मी देवीला पदर घातला, चापून चोपून, आणि वळले.

"घे, लागला माझा हात. आता देवीच्या अंगावरचं वस्त्र ओढायची छाती हाय का तुझी?"

नीराबाईनं डोळे पुसले आणि आरती सुरू केली.