शनिवारची खिडकी

घरं विकायच्या धंद्यात सूनबाईचं नाव 'खिडकी' पडलं होतं. बाकीचे दलाल गिऱ्हाइकाला आधी स्वयंपाकघर दाखवत, मग न्हाणीघर, मग भिंतीतली कपाटं. ही मात्र दार उघडलं की गिऱ्हाइकाला सरळ हॉलमधून चालवत नेऊन खिडकीशी उभं करायची, आणि स्वतः दोन पावलं मागे सरून गप्प राहायची. बंदरासमोरच्या त्या रस्त्यावरच्या इमारतींबद्दल दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतंच. लिफ्ट लहरी, नळाला पाणी करंगळीएवढं, जिने अंधारे. पण खिडकी उघडली की समोर पाणी, पाण्यावरून इकडून तिकडे जाणाऱ्या फेरीबोटी, पलीकडच्या काठावरच्या क्रेन आणि लांब टोकाला पांढरा दीपस्तंभ. ते बघून भल्याभल्यांना नळ सोडून बघायचं भान राहत नसे.

यात मेख एकच होती. रस्ता ओलांडला की प्रवासी जहाजांचा धक्का, आणि दर शनिवारी तिथे एक जहाज लागायचं. जहाज कसलं, वसाहतच ती. सकाळी ते येऊन उभं राहिलं की पाणी, फेरीबोटी, दीपस्तंभ, सगळं त्याच्यामागे जायचं आणि खिडकीत उरायची पांढरीफटक भिंत. संध्याकाळी भोंगा देऊन ते निघून गेलं की बंदर पुन्हा जागेवर. म्हणून त्या रस्त्यावरचं घर सूनबाई शनिवारी कधी दाखवत नसे. कोणी शनिवारच धरून बसलं तर तिला नेमकं त्या दिवशी लग्नाला जायचं असे. ऑफिसातले म्हणत, हिच्या नात्यात एवढी लग्नं होतात तरी कोणाची? तिचं म्हणणं सरळ होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणी विचारलं तर सांगू, न विचारता कशाला सांगा.

या वेळी विकायला निघालेलं घर मात्र परक्याचं नव्हतं, सासूबाईंचं होतं. सातव्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या. गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता. एकदा लिफ्ट बंद पडली म्हणून बाजारातून आल्यावर त्या खालच्या पायरीवर दुपारभर बसून राहिल्या, आणि कोणाला फोनसुद्धा केला नाही. ते कळल्यावर मुलाने, म्हणजे सूनबाईच्या नवऱ्याने, आईला आपल्याकडेच आणायचं ठरवलं. सासूबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. जादा भांडी वाटून टाकली, कपाट शेजारणीला दिलं, मुलाकडच्या खोलीची खिडकी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उघडते हेही मुकाट्याने ऐकून घेतलं. अट घातली ती एवढीच, की घर विका, मी येते, पण शनिवारच्या आधी नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही. म्हाताऱ्या माणसाचा एखादा हट्ट असायचाच, म्हणून कोणी विचारलंही नाही.

गिऱ्हाईक आलं ते बुधवारी. नुकतेच निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि त्यांची बायको. गृहस्थांची सगळी नोकरी एका बँकेच्या तळघरात, लॉकरच्या खोलीत गेलेली. सूनबाईने मनातल्या मनात त्यांना तळघरवाले करून टाकलं. बाई हुशार होत्या. त्यांनी नळ सोडून बघितले, ओट्याखाली वाकून बघितलं, लिफ्टबद्दलही खोदून विचारलं. तळघरवाले मात्र खिडकीशी गेले ते तिथेच थांबले. एक फेरीबोट या काठाहून सुटून त्या काठाला लागेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

मग म्हणाले, "उभी नोकरी भिंतीकडे तोंड करून केली हो. टेबल, आणि टेबलापुढे भिंत. आता मरेपर्यंत समोर भिंत नको, एवढंच ठरवलंय."

सूनबाईला शनिवार आठवला. पण तोंडाला धंद्याची सवय होती, ते मिटलेलंच राहिलं. सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून चहा पीत होत्या. त्यांचा कप म्हणजे लालभडक, वाडग्याएवढा, घरात कोणीही थट्टा करावी असा. त्यांनी एकदा तळघरवाल्यांकडे पाहिलं, एकदा सुनेकडे पाहिलं आणि पुन्हा कपात तोंड घातलं. नवरा-बायको जाताना घर पसंत असल्याचं सांगून गेले. सोमवारी येऊन पक्कं करतो म्हणाले.

"शनिवारचं बोलली नाहीस त्यांना," दार लागल्यावर सासूबाई म्हणाल्या.

"त्यांनी विचारलं नाही, आई."

"हं."

सासूबाईंचं 'हं' कानउघाडणीपेक्षा वाईट होतं. कानउघाडणीला निदान उलटून बोलता येतं. घरी जाताना वाटभर सूनबाई मनातल्या मनात भांडत राहिली. घर यांचं, गुडघे यांचे, मी धावपळ करतेय तीही यांच्यासाठी, आणि वर हं!

शनिवारी ती सामान बांधायला सकाळीच सातव्या मजल्यावर पोचली. शनिवार चुकवण्यात इतकी पटाईत झालेली ही बाई, पण त्या खिडकीतून शनिवार तिने कधी पाहिलाच नव्हता. ती पुस्तकं खोक्यात भरत होती तेवढ्यात खोलीतला उजेड कमी होऊ लागला. मान वर केली तर जहाजाचं नाक खिडकीच्या एका कडेने आत सरकत होतं. मग एकेक करत गॅलऱ्या आल्या, रांगेवर रांग, आणि शेवटी सगळं थांबलं तेव्हा सातव्या मजल्याच्या अगदी समोर, डोळ्यांच्या पातळीवर, एक गॅलरी येऊन उभी होती. मधला रस्ता आणि धक्का सोडला तर एखादं समोरचं बिऱ्हाड असावं तशी. खाली सुट्टी संपलेली माणसं चाकांच्या बॅगा ओढत टॅक्सीच्या रांगेत उभी राहत होती.

सूनबाईने वळून पाहिलं तर सासूबाई खुर्चीत तयार होऊन बसलेल्या. केस नीट विंचरलेले, ठेवणीतले कपडे, पायात बाहेर जायचे बूट, शेजारी कपड्यांची बॅग आणि हातात तो लाल कप.

"अहो आई, टेम्पो संध्याकाळी येणार आहे."

"ठाऊक आहे मला. बस जरा."

मग त्यांनी सांगितलं. जुने प्रवासी उतरले की नवे चढायच्या आधी समोरच्या गॅलरीत एक माणूस साफसफाईला येतो. त्याच्या हातात कायम पिवळं फडकं असतं, म्हणून त्यांनी त्याचं नावही पिवळं फडकंच ठेवलं होतं. फार पूर्वी एका शनिवारी कठडा पुसता पुसता त्याला समोर चहा पिणारी म्हातारी दिसली. त्याने मूठ तोंडाशी नेऊन खुणेने विचारलं, चहा झाला का? यांनी कप उंचावला. तेव्हापासून एक शनिवार चुकला नाही. त्याचं खरं नाव, गाव, भाषा, काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मध्यंतरी त्याने पोटासमोर हात गोल फिरवून दाखवला होता. बायकोला दिवस गेलेत, एवढं यांना कळलं. त्या दिवशी यांनी कप खाली ठेवून टाळ्या वाजवल्या होत्या.

"आणि त्याच्यासाठी तुम्ही अडून बसलात?" सूनबाईला हसू आवरेना.

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांची नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली होती, कानाला यंत्र लावून याची लाइन त्याला जोडून देण्यात. चेहरे न बघता ओळखी ठेवायची त्यांना सवय होती.

"आमच्याकडे एक शिस्त होती," त्या म्हणाल्या. "ड्यूटी संपली तरी लाइनवर कोण थांबलंय ते पुढच्या बाईला सांगितल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. कितीही उशीर होवो. पुढच्या शनिवारी त्याला ही खिडकी रिकामी दिसली तर तो काय समजेल? म्हातारी गेली. मी जातेय, पण माझ्या पायांनी जातेय, बॅग घेऊन जातेय. तेवढं त्याला दिसू दे."

सूनबाईचं हसू आलं तसं विरून गेलं. दर रविवारी फळं घेऊन यायचं आणि या बाईला आपल्याशिवाय आहे कोण असं समजून घरी जायचं, हा तिचा शिरस्ता होता. तिला स्वतःचीच थोडी लाज वाटली.

गॅलरीचं दार सरकलं. बाहेर आली ती एक मध्यमवयीन बाई, मजबूत बांध्याची, बाह्या दुमडलेली. तिने खुर्च्या उचलून बाजूला ठेवल्या आणि कठडा पुसायला घेतला. सासूबाईंचा कप मांडीवर उतरला.

"गेला वाटतं," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक झाला की सूनबाईला वाईट वाटलं. ज्याला चुटपुट लागू नये म्हणून ही बाई नटून बसली, तोच न सांगता निघून गेला होता.

समोरच्या बाईने कठडा संपवला, कमरेवर हात ठेवले आणि इमारतीकडे मान वर केली. बोटाने ती खालून एकेक मजला मोजत आली. बोट सासूबाईंच्या खिडकीवर येऊन थांबलं. मग तिने खिशातून पिवळं फडकं काढून हवेत हलवलं, आणि मूठ तोंडाशी नेली. चहा झाला का?

सासूबाईंनी कप इतक्या घाईने वर केला की उरलेला चहा ठेवणीतल्या कपड्यांवर सांडला. बाईने लांबवर कुठेतरी हात दाखवला आणि दोन्ही हातांत बाळ घेऊन जोजवल्यासारखं केलं. पिवळं फडकं घरी गेलं होतं. बाळ झालं होतं. आणि जाताना समोरच्या खिडकीत कोण बसतं ते तो सांगून गेला होता.

"बघ," सासूबाई म्हणाल्या. डोळे पुसायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. "सांगून गेला. लाइनवर कोण आहे ते सांगून गेला."

मग त्यांनी बसल्या बसल्या बॅग उचलून दाखवली, आणि हाताने, मी निघाले, अशी खूण केली. समोरच्या बाईला कळलं. मग तिने खिडकीकडे बोट केलं आणि दोन्ही तळवे उघडून विचारलं, आता इथे कोण?

सासूबाईंनी सुनेकडे मान वळवली. "काय सांगू तिला? पुढे कोण आहे?"

पुढे कोण आहे ते सूनबाईला चांगलं ठाऊक होतं. ज्याला मरेपर्यंत समोर भिंत नको होती तो माणूस पुढे होता. सोमवारी तो घर पक्कं करणार, आणि पहिल्याच शनिवारी सकाळी उठून या खिडकीशी येणार. तोवर व्यवहार झालेला असेल आणि आपल्याला काही म्हणता येणार नाही त्याला. इतकी वर्षं तिने असंच केलं होतं आणि मागे वळून कधी बघितलं नव्हतं. गिऱ्हाईक हातचं गेलं तर सासूबाईंना पुन्हा त्याच जिन्यात अडकावं लागेल, नवरा घर डोक्यावर घेईल, सगळं खरं. पण सासूबाई उत्तरासाठी थांबल्या होत्या, आणि समोर ती बाईही.

"तिला थांबायला सांगा," सूनबाई म्हणाली आणि फोन काढला.

सासूबाईंनी तळहात पुढे धरला. आयुष्यभर लोकांना लाइनवर थांबवलेल्या त्या हाताचा अर्थ कोणालाही कळला असता. बाई मान हलवून दुसऱ्या खोल्यांच्या कामाला गेली.

तळघरवाले बायकोला घेऊन आले तेव्हा लिफ्ट अर्थातच बंद होती. धापा टाकत ते थेट खिडकीशी गेले आणि थबकले.

"हे काय?"

"हे दर शनिवारी असतं," सूनबाई म्हणाली. "मला माहीत होतं. तुम्हाला भिंत नको होती, म्हणूनच मी सांगितलं नाही."

त्यांचा चेहरा लाल झाला. बोलले ते थोडंच, पण लागेल असं बोलले. आपण तळघरात राहिलो म्हणजे आंधळे नव्हतो, असं काहीसं. सूनबाईने ऐकून घेतलं. ते वळून दाराशीही पोचले होते, पण त्यांची बायको खिडकीतून हलेना.

"अहो, ती बाई काय करतेय बघा," तिने हाक मारली.

समोरच्या गॅलरीत नव्या प्रवाशांसाठी खुर्च्या मांडून झाल्या होत्या. कामवाल्या बाईला खिडकीत अनोळखी माणसं दिसली होती. ती जरा घुटमळली आणि मग तिने मूठ तोंडाशी नेली.

"चहा झाला का विचारतेय," सासूबाई म्हणाल्या.

"कोणाला?" तळघरवाले परत आले होते.

"या खिडकीत जो असेल त्याला." आणि खुर्चीतून न उठता त्यांनी लाल कप पुढे केला.

कोणी हातात काही दिलं की माणूस घेतो, तसा त्यांनी तो घेतला. कप रिकामा होता. तो धरून ते अवघडल्यासारखे उभे राहिले, बायकोकडे पाहिलं, मग हळूच खांद्यापर्यंत वर केला. समोरची बाई मान मागे टाकून हसली. पिवळं फडकं जोरात फडकवलं आणि आत गेली. थोड्या वेळाने तिथे नवे प्रवासी आले आणि फोटो काढू लागले, तरी तळघरवाल्यांच्या हातात कप तसाच होता.

"उभी नोकरी भिंतीकडे बघत केली," ते अखेर म्हणाले. "पण त्या भिंतीने एकदाही चहा झाला का म्हणून विचारलं नाही."

त्यांच्या बायकोने कप त्यांच्या हातून घेतला आणि उजेडात धरून पाहिला. तिच्याकडचे सगळे कप पांढरे आणि बारके होते, तिकडून दिसायचे नाहीत.

"आजी," तिने विचारलं, "हा एवढा इथेच ठेवून जाल का?"

"विसळून घे," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी बॅगेची मूठ धरली, सुनेच्या खांद्यावर हात टेकला आणि खुर्ची सोडली.