जगातला ज

आत्याचं सगळं जग त्या यंत्राने पाण्याच्या भांड्यात कोंबलं होतं.

आत्याला दिसत नाही. संगणकावरचा ‘वाचक’ नावाचा एक प्रोग्रॅम तिला पुस्तकं वाचून दाखवतो. आता जग दोन आहेत, एक पाण्याचा आणि एक आपण राहतो ते. लिहायला सारखेच, पण पहिल्यातला ज ‘जीव’मधला आणि दुसऱ्यातला ‘जवळ’मधला. वाचकाला ठाऊक फक्त पाण्याचा. ‘जगात माणुसकी उरली नाही’ असं त्याने गंभीरपणे वाचलं, की आत्या म्हणायची, “तळाशी बघ रे, असेल थोडी.”

भाचीला हा ज सुधारायचा होता. वाचक फुकट होता आणि तो ज्यावर चालतो ते आतलं लिखाण बघायला-सुधारायला सगळ्यांसाठी खुलं होतं. ठिकठिकाणची माणसं आपली नोकरी सांभाळून तो घडवत, आणि सुट्टीत काही विद्यार्थ्यांना हाताला धरून शिकवत. त्यासाठी अर्ज करायचा. आधी वाचक वापरायचा, खटकेल ते कळवायचं, एखादी लहान दुरुस्ती करून पाठवायची, आणि मग सुट्टीभर काय करणार ते लिहायचं. इतकं सरळ होतं.

पण सरळ चालेल तर ते कॉलेज कसलं! संगणकाच्या सरांना अख्ख्या वर्गाचे अर्ज जायला हवे होते. त्यांनी भर वर्गात युक्ती सांगितली, “वाचकाच्या माहितीच्या पानावरचा एक स्वल्पविराम हलवा आणि पाठवून द्या. झालं योगदान!”

“सर, आधी वापरून बघायला नको?” भाचीने विचारलं.

“वापरायचं कशाला? आपण काय आंधळे आहोत?”

वर्ग खो खो हसला.

मग नुसता चिखल झाला. एकाने स्वल्पविराम हलवला, दुसऱ्याने तो परत जागेवर आणला, दोघेही योगदान दिल्याच्या थाटात मिरवले. अर्ज तर सगळ्यांचे एकाच साच्यातले, ‘लहानपणापासून मला अंधांविषयी कळवळा आहे.’ एका पठ्ठ्याने तर ‘येथे प्रकल्पाचे नाव लिहा’ हेही तसंच ठेवलं होतं. तो कळवळा वाचताना भाचीला किळस आली.

प्रकल्प सांभाळणाऱ्या बाईंचं उत्तर आलं, ‘तुमच्या कॉलेजचे सगळे अर्ज बंद केले आहेत. तुमचा उघडलाही नाही. माफ करा, आम्ही थकलो.’

“आत्या, त्या उकिरड्यात माझाही गेला गं,” ती रडकुंडीला आली.

“अर्ज गेला. दुरुस्तीला कुणी नाही म्हटलंय का?”

नव्हतं म्हटलं. भाचीने दुरुस्ती तशीच पाठवली. कॉलेजचं नाव टाकलं नाही, सोबत आत्याच्या आवाजातले दोन्ही ज जोडले. बाईंनी ती घेतली. सुट्टीतल्या जागा मात्र भरल्या होत्या.

नवा वाचक ती आत्याच्या संगणकावर चढवायला बसली, तेवढ्यात सरांचा निरोप आला. वर सगळ्या वर्गाचा फोटो, खाली दोन ओळी. त्या आत्याला वाचून दाखवताना तिला फोन भिंतीवर आपटावासा वाटला.

“थांब,” आत्या म्हणाली. “जुना काढायच्या आधी त्याच्याकडून हे वाचून घे.”

भाचीने निरोप संगणकावर उघडला. जुना वाचक नेहमीच्या गंभीरपणे वाचू लागला, ‘आपल्या विद्यार्थ्यांमुळे कॉलेजचे नाव साऱ्या जगात पोहोचले.’ ज अर्थातच पाण्याचा.

“बघ,” आत्या म्हणाली, “जाता जाता एकदा तरी बरोबर वाचलंन्.”